कर्ण्याच्या पोटातली पेटी

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर दुपारी ऊन थेट दुकानांच्या तोंडावर येतं आणि ओळीने मांडलेले पितळी कर्णे डोळे दिपवतात. एखाद्यापाशी जरा रेंगाळलात की दुकानदार काही न बोलता चावी देतो, थाळीवर तबकडी ठेवतो, पिन टेकवतो. आधी नुसती खरखर, मग त्या खरखरीतून कुठलासा नाकातला आवाज वर येतो आणि गिऱ्हाईक विरघळतं. "असली है?" असं विचारायचं भान फार थोड्यांना राहतं. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "साहब, पुराना माल है, एचएमव्ही." गंमत अशी की हे उत्तर पुरतं खोटं नसतं. थाळीखालची मोटार साठ-सत्तर किंवा त्याहूनही जास्त वर्षांची असते. कर्णा मागच्या दिवाळीनंतरचा असतो. या दोहोंच्या मधलं सगळं कुठून आलं, कोणी जोडलं, कोण विकत घेतं आणि त्यात कोणाचं नेमकं काय बुडतं, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं. कारण हा व्यवहार फक्त भेंडीबाजारातला राहिलेला नाही. लंडनच्या आणि अमेरिकेच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात असे कर्णे वर्षानुवर्षं येत आहेत आणि तिथल्या जाणकारांना ते कुठल्या देशातून येतात हे पक्कं ठाऊक आहे. आपल्याच.

तिकडच्या संग्राहकांनी या यंत्राला नाव दिलंय 'क्रॅपोफोन'. इंग्रजीतल्या घाणीच्या शब्दाला शेपटी लावून केलेली शिवी आहे ती. दुसरं नाव त्यातल्या त्यात सभ्य: 'फ्रँकेनफोन', मेलेल्या माणसांचे अवयव जोडून उभ्या केलेल्या त्या कादंबरीतल्या राक्षसावरून. मराठीत नाव नाही म्हणून मी आपला 'जोडफोनो' म्हणतो. 'प्रतिकृती' म्हणायला मन घेत नाही. प्रतिकृतीला मूळ लागतं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात एखाद्या मूर्तीची प्लास्टरची नक्कल विकतात, तेव्हा ती मूर्ती कुठेतरी असते. जोडफोनोचं मूळ कुठेच नाही. अमुक कंपनीने अमुक साली असं यंत्र काढलं, असं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणताच येत नाही.

ओळख पटवायची तर दुकानदाराच्या परवानगीने थाळी उचलून पाहावी. मधल्या दांडीवरून ती सहज निघते. खाली बहुतेक वेळा दिसते ती सूटकेसवजा ग्रामोफोनची मोटार: एका स्प्रिंगची, चावी भरली की एक बाजू, फार तर दोन बाजू वाजवणारी. गव्हर्नरचे ते तीन चिमुकले गोळे गरगरत असतात. फळीवर जुनी भोकं लांबी भरून बुजवलेली असतात. वेग कमीजास्त करायची पट्टीही त्याच पेटीतून उचललेली. आता हात पाहा, म्हणजे साउंडबॉक्स ज्याच्या टोकाला असतो तो पोकळ नळीचा हात. पेटीचं झाकण बंद झालं पाहिजे म्हणून तो बुटका बेतलेला असतो. इथे तर झाकणच नाही. मग ही मान तुकवलीय कोणासाठी? एवढा एक प्रश्न मनात आला की पुढचं आपोआप उलगडतं.

हा हात ज्या कंसावर टेकतो तो खऱ्या यंत्रात ओतीव आणि जड असतो; इथे कानशीचे ओरखडे मिरवणारी पितळेची हलकी ओतणी. कर्णा आणि कंस यांना जोडणारा कोपर पाहिला की न्हाणीघरातल्या नळाची आठवण होते, आणि कर्णा हाताने हलवला तर डुगडुगतो. डबा अष्टकोनी, षट्कोनी, क्वचित गोलही. त्यावर काळपट रंग आणि पितळेची फुलं ठोकलेली. खऱ्या कर्णेवाल्या ग्रामोफोनचे डबे जवळपास सगळे चौकोनी होते, ओक किंवा महोगनीचे. महाग नमुन्यांना कोपऱ्यांवर खांब नि कोरीव पट्टी, बाकी साधे. समोरच्या पट्टीवर कधी एचएमव्ही, कधी व्हिक्टर, कधी आरसीए. या शेवटच्या नावाची मौज आहे. आरसीएने व्हिक्टर कंपनी विकत घेतली १९२९ साली. तोवर बाहेर डोकावणाऱ्या कर्ण्याची फॅशन अमेरिकेत केव्हाच सरली होती. व्हिक्टरनेच १९०६ साली कर्णा कपाटात दडवलेली 'व्हिक्ट्रोला' काढून त्या शेवटाची सुरुवात केली होती. तर ही पट्टी म्हणजे शिवाजी महाराजांच्या नाण्यावर इसवी सन छापण्यातला प्रकार. 'एचएमव्ही, १९०२' असं लिहिलेलंही मी पाहिलंय. त्या वर्षी ती ब्रिटिश कंपनी 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' होती आणि तिच्या तबकड्यांवर पंख पसरून अक्षरं कोरणारा देवदूत बसलेला असे. तिथे कुत्रा आला तो १९०९ च्या सुमारास.

कुत्र्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण या धंद्याचं बीज त्या चित्रात आहे.

फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराच्या घरी निपर नावाचा कुत्रा होता. मूळचा त्याच्या भावाचा. भाऊ गेल्यावर याच्याकडे आलेला. कुत्रा मेला १८९५ साली, आणि त्यानंतर बॅरॉडने तो फोनोग्राफपुढे कान टवकारून बसल्याचं चित्र काढलं. फोनोग्राफ म्हणजे एडिसनचं यंत्र, १८७७ साली लागलेल्या शोधाची पुढची पिढी, मेणाच्या नळकांड्यावर चालणारं. त्या यंत्रावर घरच्या घरी आवाज भरता यायचा. त्यामुळे मालकाचा आवाज कुत्रा ऐकतोय, या कल्पनेला अर्थ होता. चित्र काही विकलं जाईना. कर्णा काळा होता, चित्र मंद दिसत होतं. कोणीतरी सुचवलं की कर्णा पितळी कर, जरा उठाव येईल. म्हणून १८९९ साली बॅरॉड लंडनमधल्या मेडन लेनवर ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला, चित्रासाठी एक पितळी कर्णा उसना मागायला. तिथले व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यांनी चित्राचा फोटो पाहिला आणि म्हणाले, त्या यंत्राच्या जागी आमचं यंत्र रंगवा, चित्र आम्ही घेतो. चित्राचे ५० पौंड, हक्काचे ५० पौंड असा सौदा ठरला. बॅरॉडने एडिसनच्या यंत्रावर रंग चढवला आणि वर एमिल बर्लिनरच्या पद्धतीचा तबकडीवाला ग्रामोफोन काढला. मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून उजेड पडला की खालच्या फोनोग्राफची आकृती अजून जाणवते. पुढे मरेपर्यंत, म्हणजे १९२४ पर्यंत, त्याने याच चित्राच्या चोवीस प्रती कंपनीसाठी स्वतःच्या हाताने रंगवल्या.

पितळी कर्णा इतिहासात शिरला तो असा, आवाजासाठी नव्हे तर चित्रात चमक यावी म्हणून. शिवाय ग्रामोफोनवर घरी आवाज भरता येत नसे, त्यामुळे 'धन्याचा आवाज' ही मूळ गोष्टही तिथेच निकालात निघाली. आणखी एक. चित्रातल्या यंत्राला मागचा कंस नाही, कोपर नाही, पोकळ हातही नाही. लहानसा कर्णा थेट साउंडबॉक्सला जोडलेला आणि एका लाकडी दांडीने तोललेला आहे. जोडफोनोच्या डब्यावर जे चित्र चिकटवलेलं असतं, त्यातलं यंत्र आणि त्याच्या डोक्यावरचं यंत्र यांचा काही संबंध नाही. आपल्याच विरुद्धचा साक्षीदार छातीवर मिरवणारी इतकी भाबडी नक्कल दुसरी नसेल.

आता आवाजाचं पाहू. विजेशिवाय चालणाऱ्या या यंत्रात सगळं काम हवेचं. खाचेतून धावणारी पोलादी पिन थरथरते, ती थरथर अभ्रकाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पडद्याला पोचते, पडदा हवा हलवतो, आणि ती एवढीशी हलचल खोलीभर पसरवायचं काम कर्ण्याचं. त्यासाठी साउंडबॉक्सपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत मार्ग हळूहळू, अखंड रुंदावत गेला पाहिजे. मध्येच उडी आली की आवाज तिथे आपटून मागे फिरतो. न्यू जर्सीतल्या कॅम्डनचा एल्ड्रिज जॉन्सन, व्हिक्टर कंपनीचा संस्थापक, याने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला निमुळता होत गेलेला हात आणला, त्याचं महत्त्व हे. जोडफोनोत पेटीचा हात, नळाचा कोपर आणि हंडेवाल्याच्या हातचा कर्णा असे तीन अनोळखी पाहुणे एका पंगतीत बसवलेले असतात. सांध्यांतून हवा गळते. पातळ पत्र्याचा कर्णा स्वतःच झणझणतो. जो आवाज आपल्याला 'जुना' वाटतो, त्यातला बराचसा त्या झणझणीचा असतो. मूळ तबकडीत तो नाही. आजोबांच्या काळी लोक असलं ऐकत होते, असा समज घेऊन आपण घरी जातो. आजोबांचे कान इतके सोशीक नव्हते.

खरं तर चांगला आवाज आणि चकचकीत कर्णा यांची फारकत फार लवकर झाली. १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण आलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी कर्ण्याचं गणित काटेकोर मांडलं. त्यावर बेतलेला व्हिक्टरचा 'ऑर्थोफोनिक' आणि १९२७ चा एचएमव्हीचा 'री-एन्ट्रंट' यांचे कर्णे घडी घालून कपाटात ठेवलेले होते. १९३० च्या दशकात लंडनच्या ईएमजी या कंपनीने उघडे, अजस्र कर्णे केले आणि दर्दी लोकांनी ते डोक्यावर घेतले, पण ते होते कागदाच्या लगद्याचे. पितळेचं नाव कुठेच नाही. याच काळात, १९३१ साली, एचएमव्हीने १०२ नंबरचं सूटकेसवजा यंत्र बाजारात आणलं. त्याच्या आधीचं १०१. कर्णा त्यालाही आहे, पण पेटीच्या आत दुमडलेला, कोणाला न दिसणारा. इवल्याशा पेटीतून इतका भरदार आवाज निघावा याचं आजही नवल वाटतं.

हीच ती पेटी, जी मटन स्ट्रीटवरच्या कर्ण्याच्या पोटात जाते.

ती भारतात एवढ्या संख्येने होती आणि इतकी उशिरापर्यंत वापरात होती, याला कारणं आहेत. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला, गायिका गौहर जानचा आवाज मेणात धरून हानोव्हरला तबकड्या छापायला पाठवला. १९०८ पासून सियालदहला आणि १९२८ पासून डमडमला छपाई इथेच होऊ लागली. आपल्याकडे नाट्यपदांनी या यंत्राला घरात जागा मिळवून दिली. बालगंधर्वांच्या नाटकाचं तिकीट न परवडणाऱ्या गावालाही तीन-सव्वातीन मिनिटांचे बालगंधर्व मिळत होते. हिराबाई, मास्टर दीनानाथ, पुढे जी. एन. जोशींचं भावगीत. पण मुख्य गोष्ट विजेची. इंग्लंड-अमेरिकेत १९५० च्या दशकात घरोघर विजेवरचे रेकॉर्ड प्लेअर आले आणि चावीची यंत्रं माळ्यावर गेली. इथे महाराष्ट्र राज्य वीज मंडळच मुळी १९६० साली स्थापन झालं. वाडीवस्तीवर तारा पोचायला पुढची दोन दशकं गेली. तोवर गाणं ऐकायचं तर चावी. म्हणून ७८ फेऱ्यांची तबकडी जगाने टाकून दिली तरी डमडमला छापली जात राहिली. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ च्या लाखेच्या तबकडीवर निघाली. लिव्हरपूलच्या त्या पोरांना आपण अशा अवतारात वाजतोय याची कल्पना असेल-नसेल, पण आज परदेशी संग्राहक त्या तबकड्यांसाठी भली मोठी रक्कम मोजतात.

मग १९८० च्या आसपास कॅसेट आली, आणि पाच-दहा वर्षांत चावीचा फोनो भंगारात. त्याच काळात परदेशी पर्यटकाला आणि इथल्या नवश्रीमंत दिवाणखान्याला 'अँटिक' हवं झालं होतं. काळी, कोपरे झिजलेली, कापडी वेष्टनाची पेटी कोणाला नको होती. सगळ्यांना कुत्र्यासमोरचा कर्णा हवा होता. एका बाजूला मातीमोल मोटारींचे ढीग, दुसऱ्या बाजूला पितळकामात पिढ्या घालवलेलं मुरादाबाद. पत्र्याच्या पाकळ्या कापून, डाख लावून, ठोकून, चकाकी देऊन कर्णा उभा करणं हे त्या हातांना नवीन नव्हतं. लाकडी डबे, मुलाम्याचे कंस, कुत्र्याची चिकटचित्रं अशी साखळी तयार झाली. या कारागिरांना मी दोष देत नाही. त्यांनी समोर ठेवलेलं चित्र पाहून, मागितलेला माल करून दिला. चांगला कर्णा हातात घेऊन पाहिला तर पाकळ्यांच्या कडा कशा वळवल्यात ते पाहून दाद द्यावीशी वाटते. समई म्हणून तो उत्तमच झाला असता.

विकत घेणारे तीन तऱ्हांचे. पहिले भाबडे: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काहीतरी 'खास' द्यायचंय, इंटरनेटवर सात-आठ-दहा हजारांत मिळतोय, घेतला. दुसरे सजावटवाले: हॉटेलं, कॅफे, फोटो स्टुडिओ, मालिकांचे सेट. कथा १९४५ च्या पुण्यातली असली तरी वाड्यात कर्णा हवाच. त्या वाड्यात प्रत्यक्षात असती ती काळी पेटी असती, किंवा रेडिओ. यांचं मला फारसं काही वाटत नाही. शोभेची वस्तू शोभेसाठी घेतली, प्रश्न मिटला. फक्त तिच्यावर एलपी ठेवून फोटो काढतात तेव्हा कसंनुसं होतं. तिसरे जास्त विचार करायला लावणारे, कारण ते संग्राहक आहेत आणि जाणूनबुजून घेतात. त्यांचे युक्तिवाद ऐकण्यासारखे असतात. कोणी म्हणतं, खरं कर्ण्याचं यंत्र लाखाच्या घरात जातं, सुरुवात तर कुठूनतरी करावी. कोणी म्हणतं, वाजतं ना, मग झालं. कोणी मोटारीसाठी घेतो: आतली १०२ ची मोटार चांगली निघाली तर ती काढून एखाद्या आजारी पेटीत बसवायची आणि कर्ण्यात निशिगंध लावायचा. या शेवटच्याशी मी सहमत आहे. तो उलट्या दिशेने वाहतूक करतो.

'वाजतं ना' या युक्तिवादाला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण त्यात तबकडी मरते. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमच्या वरचा भार पोलादी पिनेवर येतो, आणि ती पूड पिनेलाच घासून खाचेच्या आकाराची करून टाकते. म्हणून नियम साधा: एका बाजूला एक पिन, वाजवली की फेकायची. जुन्या घरांत दोनशे पिनांच्या चपट्या डब्या निघतात त्या यामुळे. हे सगळं जमतं ते पिनेचा कोन बरोबर असेल तर. ज्या पेटीतून हात काढला तिच्यात हाताचा खुंटा आणि थाळीची दांडी यांच्यातलं अंतर मिलिमीटरपर्यंत ठरवलेलं होतं. जोडफोनोत तो हात जिथे भोक पाडायला सोयीचं तिथे बसतो. मग पिन खाचेत सरळ उभी न राहता एका भिंतीला खरवडत जाते. त्यात दुकानदाराने तीच पिन महिनाभर वापरलेली. समोर वाजत असलेली तबकडी मुंबईत निघालेल्या 'यंग इंडिया'सारख्या छापाची असेल, तर तिची दुसरी प्रत कुठे आहे कोणी सांगावं? १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली, गोव्यातल्या केरीच्या बाईंचा ७८ च्या जमान्यातला साडेतीन मिनिटांचा आवाज. त्या तबकडीसोबत पिनेची जुळणीही पाठवली आणि ती कशी टेकवायची याचं चित्र झाकणावर कोरलं. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याची ही काळजी. इथे चोरबाजारात आपण तेवढीही घेत नाही.

तबकड्यांचं निदान बरं चाललंय म्हणायचं. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, मायकल किनिअर यांच्या पुढाकाराने. सुरेश चांदवणकरांनी चिटणीस म्हणून ती वर्षानुवर्षं चालवली. लेबलं, क्रमांक, गायकांची चरित्रं, कंपन्यांचे इतिहास यांची मोठी नोंद त्यातून झाली. यंत्रांच्या वाट्याला इतकं प्रेम आलं नाही. यंत्र जड, जागा खाणारं, त्यावर कोणाचा आवाज कोरलेला नाही. म्हणून ते फोडलं तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

कायद्याकडे पाहावं तर तिथे वेगळीच तऱ्हा. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तू मानतो आणि ती देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला मनाई करतो. शंभरी गाठत आलेला खरा ग्रामोफोन आता त्या उंबरठ्यावर आला आहे. तो अमेरिकेतल्या लेकीकडे न्यायचा तर पुरातत्त्व खात्याच्या 'ही पुरावस्तू नव्हे' अशा दाखल्याचा विचार करावा लागतो. जोडफोनोला असली काही अडचण नाही. तो नवाच आहे, हस्तकला म्हणून पेटीत भरून जातो. विमानतळावर नवा, दुकानात जुना. न्यू जर्सीत एडिसन नावाचं गाव आहे. मेन्लो पार्क, जिथे फोनोग्राफ पहिल्यांदा बोलला, ते त्याच गावाच्या हद्दीत येतं. आणि तिथल्या ओक ट्री रोडच्या आसपास आपली माणसं इतकी की चितळ्यांची बाकरवडी शोधावी लागत नाही. त्या गावातल्या एखाद्या मराठी दिवाणखान्यात मुरादाबादी कर्णा मांडलेला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. एडिसनच्या अंगणात बर्लिनरच्या यंत्राचं सोंग, तेही एडिसनच्या नावाची पट्टी लावून. अशा पट्ट्याही मिळतात.

इथे एक सावधगिरीची सूचना माझ्यासारख्या कडव्यांसाठी. 'मिश्र' म्हणजे 'नकली' असं सरसकट म्हणता येत नाही. भारतात स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतरही स्विस मोटारी आणून इथल्या लाकडात बसवलेली, इथल्या दुकानांच्या नावांची यंत्रं विकली जात होती. ती जन्मतःच मिश्र, पण त्यांनी प्रामाणिकपणे घरं वाजवली आहेत. शिवाय कुठल्याही खऱ्या यंत्राची स्प्रिंग केव्हातरी तुटते, साउंडबॉक्समधलं रबर दगड होतं, जस्तमिश्रित धातूच्या ओतण्या फुगून तडकतात. मग नवी स्प्रिंग, सिलिकॉनची नळी, नव्याने ओतलेला भाग. कर्णा गंजून गेला म्हणून नवा करून घेतला, तर ते यंत्र कोणाचं? माझं उत्तर: जो भाग नवा तो नवा म्हणून सांगितला, तर यंत्र जुनंच. त्या कामासाठी प्रतिकृतीचे सुटे भाग करणारे लोक या छंदाचे वैद्य आहेत. अडचण येते ती विकणारा गप्प बसतो तेव्हा, आणि त्याहून जास्त, घेणाऱ्याला त्याचं गप्प बसणंच सोयीचं वाटतं तेव्हा.

कारण भावाचं गणित तसं फार अवघड नाही. जोडफोनोला आपण जे मोजतो, त्यात थोडी भर घातली, थोडी घासाघीस केली, तर चालू स्थितीतली सूटकेसवजा पेटी आजही मिळते. विलायतेत तर दोहोंच्या किमती बऱ्याचदा शेजारी शेजारी असतात. पेटी खरी, आवाज खरा, हात-थाळीचं अंतर कारखान्याने ठरवलेलं. तरी कर्णा खपतो आणि पेटी पडून राहते. आपल्या घरात काय वाजत होतं हे आपण जाहिरातीला विचारतो. माझ्या आजोळी वाजायची ती पेटी होती. मामा तिला 'फोनो' म्हणत, आम्हा मुलांना चावी द्यायची परवानगी होती, पिन बदलायची नव्हती. गेल्या वर्षी मावसभावाने नव्या घरात पितळी कर्णा आणला आणि आलेल्यांना सांगत होता, "आजोबांकडे अगदी असाच होता." मी काही बोललो नाही. त्याचीही पिन तिथे अडकली होती आणि तो इतका खुशीत होता की ती उचलायचं माझ्याच्याने झालं नाही.

त्यानंतर मी परत एकदा मटन स्ट्रीटला गेलो. शुक्रवार टाळून, कारण त्या दिवशी ही दुकानं बंद आणि रस्त्यावर जुम्माबाजार. एका दुकानात कर्णा पाहण्याचा बहाणा करून आत शिरलो. मागच्या भिंतीला टेकून काळ्या पेट्यांची उतरंड होती, दहा-बारा तरी. झाकणं उघडून पाहिली. आत मोटार नाही, हात नाही, थाळी नाही. फळीला गोल भोकं. एका पेटीत पाना-पक्कड, एकीत बिलांचं पुस्तक आणि डबा. एका झाकणात तबकड्या ठेवायचा कप्पा तसाच होता, आणि त्यात कागदी वेष्टनात एक तबकडी राहून गेलेली. मालकाला विचारलं, या रिकाम्या पेट्यांचं काय घेणार?

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पेट्यांकडे. "ये? इसका क्या करोगे साहब, इसमें तो कुछ है ही नहीं." आणि समोरच्या कर्ण्याला चावी द्यायला वळला.